मागे बसणाऱ्याचं मत

रविवारी दुपारी वर्ग सुटला की आम्ही राइस मिलच्या ओट्यावर चहा पितो. चहा कपभर असतो, किस्से मात्र किटलीभर. मागच्या रविवारचा किस्सा सांगून संपत नाही तोवर त्याच सकाळी नवा घडलेला असतो. आणि तो ज्याच्यावर घडला तोच सगळ्यांत मोठ्यानं हसत असतो.

‘आमच्याकडे मोटारसायकलचं पुढचं शिक्षण देतात,’ असं मी कुणाला सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, ‘म्हणजे काय, हवेत उड्या मारायच्या?’ नाही हो! थांबायचं कसं, वळायचं कसं आणि घरी पोचायचं कसं, एवढंच. मात्र ते एवढंच शिकायला आम्हाला वर्ष गेलं.

वर्ग पष्टे सरांचा. सैन्यात असताना ते मोटारसायकलवरून निरोप आणि टपाल पोचवायचे. निवृत्त झाल्यावर पुण्याला जाऊन शिकवण्याची परीक्षा दिली आणि गावी परत आले. शहापूर-मुरबाड रस्त्याला एका गावात राइस मिल आहे. मिलसमोर भात वाळवायचं मोठं सिमेंटचं खळं आहे. तीच आमची शाळा.

मी स्वतः शाळेत शिकवते, टोकावड्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत. एसटी खाली रस्त्यावर सोडते, पुढे चढ आहे आणि चढाला गाडी लागते. पूर्वी सदानंद मला सोडायचे. दोन वर्षांपूर्वी माझे हे यजमान टोकावड्याच्या पुढच्या एका वळणावर गाडीवरून पडून गेले. मागे माझ्या सासूबाई बसल्या होत्या. मायलेक एका साखरपुड्याहून परत येत होते. सासूबाईंचा खांदा निखळला, तो पुढे बसला. रस्त्यावर खडी होती, इतकंच आम्हाला कळलं.

त्यानंतर सासूबाई कधी कुणाच्या गाडीवर बसल्या नाहीत. मी भावाची जुनी मोटारसायकल आणली तेव्हा काही बोलल्या नाहीत. पण मी गाडी घेऊन बाहेर पडले की परत येईपर्यंत त्या जेवायच्या नाहीत. शाळा असो, बाजार असो, रविवारचा वर्ग असो. उंबऱ्याशी बसून राहायच्या. ताट वाढून झाकलेलं. मी चांगली चालवायला शिकले तर कदाचित त्या वेळेवर जेवतील, एवढ्याच आशेनं मी सरांकडे नाव घातलं.

*

पहिल्या दिवशी सरांनी सगळ्यांना लायसन्स काढायला सांगितलं. सगळ्यांनी काढलं.

सर म्हणाले, “आता परत खिशात ठेवा. तुम्हाला गाडी चालवता येते असं सरकारचं मत आहे. माझं मत अजून व्हायचंय.”

मग खडूनं एक रेघ मारली. जोरात यायचं आणि रेघेवर थांबायचं. पहिला नंबर बबनचा. बबन दूधवाला आहे, शहापूरच्या बाजूला गावोगाव दूध घालतो. तो आला तो रेघ ओलांडून थेट मिलच्या भिंतीशी जाऊन थांबला.

“कॅन नव्हते ना सर!” बबन म्हणाला. “कॅन असले की गाडी बरोबर थांबते.”

“मग पुढच्या रविवारी कॅन घेऊन ये.”

पुढच्या रविवारी बबन दोन्ही बाजूंना कॅन लटकवून आला. दूध कशाला वाया घालवायचं म्हणून पाणी भरून आणलेलं. सुसाट आला, ब्रेक मारला आणि खरंच रेघेवर थांबला. पाणी मात्र थांबलं नाही. कॅनची झाकणं उडाली आणि सगळं पाणी सरांच्या बुटांवर!

बबन ओशाळून म्हणाला, “दूध असतं तर सांडलं नसतं, सर. पाणी पातळ पडतं.”

आमच्यातली मंगल त्याच्याच गिऱ्हाइकांपैकी. ती तिथूनच ओरडली, “काय सांगतोस बबनदादा! आमच्याकडं येतं ते एवढंच पातळ हाय की!”

*

भातकापणी झाली आणि खळ्यावर भात वाळत पडलं. मिलच्या मालकीणबाईंना आम्ही सगळे काकू म्हणतो. काकूंनी निरोप पाठवला, आता महिनाभर गाड्या बंद.

सर गेले, काकूंशी बोलले, आणि हसत आले. म्हणाले, “गाड्या चालू. भाताच्या मधून ज्या वाटा ठेवल्यात ना, त्यातून जायचं. भातावर चाक गेलं तर काकू आहेत आणि तुम्ही आहात.”

बाकीचे कसेबसे गेले. माझी पाळी आली. मला समोर फक्त भात दिसायला लागलं. सोनेरी, पसरलेलं, दुसऱ्याच्या कष्टाचं. यावर चाक जाता कामा नये, जाता कामा नये, असं म्हणत मी त्याच्याकडे बघत राहिले आणि गाडी सरळ त्यातच घातली.

सर म्हणाले, “बाई, भाताकडे बघू नका. वाटेकडे बघा.”

“पण भात दिसतंच ना, सर!”

“दिसू दे. दिसणार. तुम्ही बघू नका.”

पुढच्या खेपेला मी आणखी आत घातली. गाडी भाताच्या या टोकाला शिरून त्या टोकाला निघाली. काकू हातात खराटा घेऊन ओट्यावरून उतरल्या. बबन माझ्या मागे लपला, म्हणजे मला एकटीला पुढे ठेवून!

काकू भातापाशी थांबल्या. चाकानं पडलेली चर नीट बघितली. मग मला म्हणाल्या, “वरचं खाली झालं बघ. मी आता पाय मारून पलटणारच होते. आलीच हायेस तर त्या अंगानं पण एकदा घाल.”

*

सरांची एक पद्धत अशी, की रस्त्यावर चालवताना जे दिसेल ते मोठ्यानं बोलायचं आणि आपण त्याचं काय करणार तेही सांगायचं. ‘पुढे खड्डा, डावीकडून जाणार. समोर टेम्पो, वेग कमी करतोय.’ म्हणजे डोळे झोपलेत की जागे आहेत ते शिकवणाऱ्याला कळतं.

यासाठी हेल्मेटमधून बोलायचं यंत्र लागतं. ते होतं सुभाषरावांकडे. सुभाषराव म्हणजे ऑफिसातून लवकर निवृत्ती घेतलेले आमचे सगळ्यांत सजलेले विद्यार्थी. गाडी म्हशीएवढी. अंगात जाकीट, गुडघ्याला ढाली, हातात मोजे. त्यांनी स्वतःहून ते यंत्र काढून वर्गाला दिलं. एक हेल्मेट पुढच्याला, एक मागून येणाऱ्या सरांना.

मंगल खर्डीजवळच्या वाडीतली. आशा सेविका आहे, म्हणजे घरोघर जाऊन बाळंतिणी आणि लेकरं बघणं तिचं काम. ती खर्डीच्या रस्त्याला लागली आणि बोलायला लागली.

“डावीकडून सखू येतेय. सातवा लागला, गोळ्या घेत नाय. पुढं दोन पोरं, धाकट्याचा डोस राह्यलाय. उजवीकडं म्हातारी, तिच्या नातवाचं परवा बारसं...”

“मंगल, रस्ता! रस्ता बोल!” सर मागून ओरडले.

“रस्ताच बोलते, सर! हीच माणसं रस्त्यात येतात!”

मग तिनं इंडिकेटर दिला, आरशात बघितलं, मागे मान वळवून खात्री केली, अगदी शिकवल्याप्रमाणे गाडी कडेला घेतली आणि सखूला गोळ्यांवरून झाडलं. सरांच्या कानात यंत्र होतं. त्यांना सगळं ऐकावं लागलं.

परत आल्यावर सर आम्हाला म्हणाले, “खर्डीपर्यंत एक खड्डा मला कळला नाही. पण कोणाच्या घरी बारसं आहे ते कळलं.”

मंगल म्हणाली, “मग येताय ना, सर? मी सांगून ठेवलंय.”

सर गेले. पाळण्याची दोरीसुद्धा ओढून आले.

*

हळू गाडीची शर्यत म्हणजे सगळ्यांत शेवटी पोचेल तो पहिला, आणि पाय टेकायचा नाही. दारोदार थांबत जायची सवय असल्यामुळे बबन त्यात कायम पहिला. सुभाषरावांनी त्याला हरवायचं ठरवलं. इतकी हळू घेतली, इतकी हळू, की गाडी थांबलीच. क्षणभर त्या अजस्र गाडीवर ते नुसते उभे होते. मग जुनं झाड कलावं तशी गाडी कलली आणि खळ्यावर आडवी झाली.

कुणी हसलं नाही. धीर होत नव्हता.

सुभाषराव उठले. मोजे झटकले. म्हणाले, “पडली नाही. ठेवली.”

तेव्हापासून आमच्यात गाडी पडत नाही. बबन एकदा कोपऱ्यावर घसरला, त्यानं ठेवली. सरांनी स्वतः स्टँड न लावता एकदा ठेवली, त्याचा आनंद आम्ही महिनाभर साजरा केला.

मी ठेवली ती वाडीच्या चढावर. शाळा सुटल्यावर खाली येताना मागचं चाक मुरमावर फिरलं आणि मी धुळीत. गुडघा सोलला होता. जवळपास कुणी नव्हतं. मी बबनला फोन लावला. एवढंच म्हटलं, “बबन, मी वाडीच्या उतारावर...”

तिकडून लगेच प्रश्न, “बाई, कुठल्या अंगाला ठेवलीत? डाव्या का उजव्या?”

मी धुळीत बसून हसले. किती दिवसांनी हसले ते मोजलं नाही. मग गुडघा बघितला.

बबन दुपारचं सगळं काम टाकून आला. गाडी उचलली, वाकलेला आरसा सरळ केला, टोकावड्याच्या ढाब्याच्या नळावर गाडी चकचकीत धुतली. म्हणाला, “आजींना सांगायचं नाय. त्यांना समजणारच नाय, बघा.”

घरी गाडी दारात लावली. सासूबाई उंबऱ्यातून उठल्या, गाडीभोवती एक फेरी मारली.

“कुठं पडलीस?”

मी म्हटलं, “कशावरून?”

“तू कधी धुतेस का गो गाडी?”

*

सासूबाई जेवायच्या थांबतात हे मी वर्गात कुणाला सांगितलं नव्हतं. सरांनी एकदा चहाला थांबा म्हटलं आणि मी घड्याळ बघितलं, तेव्हा त्यांनी घाई कसली ते विचारलं आणि मी सांगून गेले.

पुढच्या रविवारपासून पहिली पाळी माझी. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, मला माहीत नाही. सुभाषराव त्या दिवशी मुद्दाम मागे उभे राहिले आणि बबन ओरडला, “बाईंना आधी सोडा रे, आजी जेवायच्यात!” या माणसांनी माझं सांत्वन असं कधी केलं नाही. मला फक्त रांगेत पुढे घेतलं. याचे उपकार कसे फेडतात ते मला अजून समजलेलं नाही.

मंगल तर त्याच्याही पुढची. तिनं माझ्याकडून नंबर घेतला आणि सासूबाईंना थेट फोन लावला. स्पीकर चालू. आम्ही सगळे ओट्यावर कान देऊन.

“आजी, मी मंगल. तुमच्या सुनेबरोबर शिकते. तुमी बिनघोर जेवा. लय छान चालवते ती. एकदम सरळ!”

पलीकडून सासूबाईंचा आवाज आला, “सरळ तर बैल पण चालतो, बाय. वळते कशी ते सांग.”

फोन बंद झाल्यावर सरांनी टोपी काढली. “पुढचे चार रविवार,” ते म्हणाले, “फक्त वळणं.”

*

तोंडी परीक्षेतला प्रश्न, “रस्त्यात गुरं आडवी आली तर काय कराल?”

सुभाषरावांनी पुस्तकातलं उत्तर दिलं. वेग कमी, अंतर राखणं, हॉर्न टाळणं, सगळं.

बबन म्हणाला, “आधी कोणाची हायेत ते बघीन.”

“त्यानं काय होतं?”

“मिलवाल्या काकूंच्या म्हशी गाडी बघून आपल्या बाजूला होतात, सर. आमच्या बसतात.”

सरांनी दोघांनाही पूर्ण मार्क दिले.

*

मग सरांनी मागे बसणाऱ्यांचा वर्ग काढला. त्यांचं म्हणणं, गाडी दोघं मिळून चालवतात, शिकतो मात्र एकटा. वर्षाअखेरीस पुण्याहून परीक्षक येऊन आमची शेवटची परीक्षा घेतात, तीतसुद्धा घरचं माणूस मागे बसवूनच चालवावी लागते, आणि मागच्याचं मत विचारतात.

बबनची बायको वनिता आली. एका बाजूला पाय सोडून बसली, मांडीवर पिशवी, एका हातात छत्री.

सर म्हणाले, “वहिनी, दोन्हीकडे पाय टाका आणि नवऱ्याला धरा.”

वनितानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. सगळा वर्ग आणि मिलच्या काकू बघत होत्या. तिनं पाय दोन्हीकडे टाकले, छत्री ठेवली आणि हात मागे नेऊन दुधाच्या कॅनची कडी धरली.

“नवऱ्याला धरा म्हटलं, वहिनी. कॅन आहे का तुमचा नवरा?”

“कॅन बरा, सर,” वनिता म्हणाली. “सांगितल्या वेळेला भरतो, सांगितल्या वेळेला रिकामा होतो. आणि वर मला सैपाक शिकवत नाय!”

*

परीक्षेचा दिवस आला. पुण्याहून परीक्षक आले होते. मिलपासून मुरबाड, टोकावडे, पुढे घाटाच्या पायथ्यापर्यंत जायचं आणि परत. परीक्षक स्वतःच्या गाडीवर मागून येणार. बबनला वनिता होती, मंगलला तिचा नवरा, सुभाषरावांना त्यांचा मुलगा. माझ्यामागे सर बसणार होते. ‘एवढी सवलत मी मागून घेतो,’ असं ते म्हणाले होते.

सकाळी मी गाडी काढली तर दारात सासूबाई. लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, पदर खोचलेला.

मी विचारलं, “आई, कुठे निघालात?”

“तुला मागं माणूस लागतं ना?”

“सर बसणार आहेत.”

“सर घरचे हायेत का?” असं म्हणून त्यांनी हात पुढे केला. मी त्यांना माझं दुसरं हेल्मेट दिलं. पट्टा लावताना त्यांच्या हनुवटीला माझी बोटं लागली. त्या शहारल्या नाहीत.

मिलवर पोचलो तेव्हा बबननं आम्हाला बघितलं आणि धावत येऊन आजींना उतरायला हात दिला. सर पुढे आले, सासूबाईंना नमस्कार केला आणि आपलं हेल्मेट घेऊन बाजूला झाले.

निघालो. मुरबाडचा बाजार मागे पडला. टोकावडे गेलं. सासूबाईंचे हात माझ्या कमरेला होते. ते वळण आलं. हात होते तिथेच राहिले, तेवढेच घट्ट. मी जिथे जायचं तिथे बघत राहिले. वळण गेलं. पायथ्याशी गाडी फिरवली आणि तेच वळण दुसऱ्या बाजूनं आलं आणि गेलं.

परत आल्यावर परीक्षक कागद घेऊन ओट्यावर बसले. मागच्या प्रत्येकाला एकच प्रश्न, “यांच्या मागे पुन्हा बसाल का?”

वनिता म्हणाली, “बसेन. दुसरा कोण हाय मला?”

मंगलचा नवरा म्हणाला, “तिनं बसू दिलं तर बसेन.”

सुभाषरावांचा मुलगा म्हणाला, “बसेन. पण हळू चालवणार नसतील तर!”

सगळे हसले. मग परीक्षक सासूबाईंकडे वळले. “आजी, तुम्ही? सुनेच्या मागे पुन्हा बसाल?”

सासूबाईंनी हेल्मेट काढलं, मांडीवर घेतलं. पदरानं त्यावरची धूळ पुसली.

“आमचा सदा बोलायचा,” त्या म्हणाल्या. “मी मागं बसले की त्याला लय बोलायचं असायचं. ‘आई, हे बघ. आई, तो बघ.’ मागं वळून वळून बोलायचा. मी म्हणायची, पुढं बघ रे. त्या दिवशी पण बोलत होता.”

सर खाली बघत होते. परीक्षकांना आमच्या घरचं काहीच माहीत नव्हतं. ते पेन उघडून वाट बघत राहिले.

“ही जाऊन आली,” सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “एक शब्द बोलली नाय. एकदा मान वळवली नाय.”

परीक्षकांनी विचारलं, “मग आजी, हे मी चांगलं लिहू की वाईट?”

सासूबाई उठल्या. माझ्या गाडीपाशी गेल्या, हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवलं आणि पट्टा स्वतःच लावायला लागल्या.

“परीक्षा तुमी घेताय ना, सायेब?” त्या म्हणाल्या. “तुमी ठरवा.”